शिष्यवृत्ती ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे

(मंडळाच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या सभांत भाषेचा, शाळांचा, फलकांचा प्रश्न नेहमी निघतो, आणि तो निघालाच पाहिजे. पण आज मी आपल्याच घरांतल्या अशा मुलांबद्दल बोलणार आहे, ज्यांचा विषय सभेत फारसा निघत नाही. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणी कुबड्यांवर चालतो. ही मुले बारावी होतात, पुढे शिकायचे म्हणतात, आणि तिथे घरचा हिशोब आडवा येतो. फी सर्वांनाच असते. या मुलांना त्यावर रोजची रिक्षा, श्रवणयंत्राची दुरुस्ती, वाचून दाखवणारा माणूस, कॉलेजजवळची महागडी खोली असा वेगळा खर्च असतो. तो सगळा बापाने एकट्याने सोसावा, असे या देशाचा कायदा म्हणत नाही.

कायदा काय म्हणतो? १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या ३२ व्या कलमाप्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयाची ५ वर्षांची सवलत आहे. त्यासाठी अपंगत्व किमान ४० टक्के असावे लागते. शिष्यवृत्त्यांनाही हाच ४० टक्क्यांचा उंबरठा आहे. पण ज्याचे ३० टक्के आहे त्याने हात हलवत परत जायचे कारण नाही. परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या खटल्यात सांगितले. पैसे आणि सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक नाकारली गेली म्हणून दुसरी सोडू नका.

आता पैशाकडे येतो. केंद्र सरकारच्या चार योजना लक्षात ठेवा. अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. तिला घरच्या वार्षिक उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा ठरवलेली आहे. निवडक नामवंत संस्थांत प्रवेश मिळालेल्यांसाठी टॉप क्लास शिष्यवृत्ती आहे. अभियांत्रिकीसारख्या तंत्रशिक्षणाच्या पदवी व पदविकेसाठी ए.आय.सी.टी.ई.ची सक्षम शिष्यवृत्ती आहे. ती वर्षाला ५० हजारांची असून तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय फेलोशिप आहे. पोस्ट-मॅट्रिक, टॉप क्लास आणि सक्षम या तिन्हींचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचे असतात. जागा मोजक्या असतात आणि एकाच शिक्षणासाठी दोन शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत. म्हणून कोणती मागायची हे आधी घरी बसून ठरवा. मर्यादा व तारखा बदलतात, तेव्हा त्या वर्षाची सूचना वाचूनच अर्ज करा.

आपल्या सीमाभागाची खरी अडचण पुढे आहे. समजा, खानापूर तालुक्यातली एक मुलगी कोल्हापुरात शिकायला गेली. महाराष्ट्राची महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती तिथला रहिवासी दाखला मागते, तो तिच्याकडे नाही. कर्नाटकाचे आपले वेगळे पोर्टल आहे, आणि राज्याबाहेरचे कॉलेज तिथे बसते की नाही हे तिला कुणी सांगत नाही. ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात तंत्रशिक्षणाच्या प्रवेशाची सोय आहे, पण प्रवेश मिळाला म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली असे नव्हे. दोन राज्यांच्या मध्ये अशी मुलगी हरवते. तिच्यासाठी सरळ वाट केंद्राच्या योजनेची आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र कायद्याच्या ५८ व्या कलमाने सबंध देशात ग्राह्य आहे. बेळगावात मिळालेला दाखला कोल्हापुरात चालत नाही, असे कोणताही कारकून म्हणू शकत नाही. राज्याच्या योजनेबद्दल मात्र प्रवेश घेण्याआधीच जिल्ह्याच्या अपंग कल्याण अधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो, कारण अर्ज बहुधा इथेच अडतात. यू.डी.आय.डी. कार्ड आधी काढा. वैद्यकीय तपासणीला वेळ लागतो, म्हणून बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून त्याच वर्षाचा घ्या. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी रीत. इथल्या कागदांवर अनेकदा आद्याक्षरे येतात. कन्नडातून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलते. आधार, दहावीची गुणपत्रिका, अपंगत्वाचा दाखला आणि बँकेचे पासबुक या चारही ठिकाणी नाव अक्षरश: एक असले पाहिजे. बँक खाते आधारशी जोडलेले हवे, पैसे त्यातच येतात. अर्ज पाठवला म्हणजे काम झाले असे समजू नका. कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याने तो पडताळून पुढे पाठवला तरच तो जिवंत राहतो. त्रुटी काढून परत आला तर मुदतीत दुरुस्त करा. आणि दरवर्षी नूतनीकरण विसरू नका.

एवढे करूनही कुणी अडवले तर? प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमण्याचे बंधन २३ व्या कलमात आहे. त्यावर राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. इथे आपला भाषेचा प्रश्न आणि या मुलांचा प्रश्न एकत्र येतो. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे केंद्र किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. तेव्हा ज्या आईला मराठीच लिहिता येते तिने मराठीत तक्रार लिहावी, काम लवकर व्हावे म्हणून सोबत इंग्रजी प्रत जोडावी, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.

मंडळाच्या शाखांना माझी विनंती तीन गोष्टींची आहे. पहिली, प्रत्येक शाखेने आपल्या भागातील आठवीपासून पुढच्या दिव्यांग मुलांची यादी करावी, घरच्यांची संमती घेऊन. दुसरी, जून ते ऑक्टोबर दर रविवारी दोन तास अर्ज भरून देणारे कार्यकर्ते बसवावेत. आपल्याकडे संगणक जाणणारी मुले आहेत, त्यांना हे काम द्या. तिसरी, किती अर्ज भरले, किती मंजूर झाले, किती अडले आणि का अडले, हा हिशोब या पत्रिकेत दरवर्षी छापावा. निवडणुकीत मते मागायला जे येतील त्यांच्यापुढे हाच हिशोब ठेवावा. भाषणाला उत्तर देऊन पुढारी निघून जातो, आकड्यांपुढे त्याला थांबावे लागते.

शेवटी पालकांना एकच सांगतो. मुलाचे अपंगत्व कागदावर आले तर लोक काय म्हणतील, लग्नाचे काय होईल, म्हणून दाखला न काढणारी घरे आजही आहेत. मुलीच्या बाबतीत तर अधिकच. लोक काय म्हणतात त्यावर तिची फी भरली जात नाही. दाखला काढा, अर्ज करा, आणि कुणी उपकाराची भाषा केली तर त्याला कायद्याचे कलम दाखवा.