दुखणं खरं आहे
(मुळशी तालुक्यातील बचतगटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मघाशी एक ताई म्हणाल्या, "चिकुनगुन्याचा ताप चार दिवसांत गेला, पण चार महिने झाले, मूठ वळत नाही. लावणीला रोपं धरवत नाहीत. घरचे म्हणतात, अंग चोरते." दवाखान्यात एक्स-रे चांगला आला, तेव्हा 'मनाचं आहे' म्हणून परत पाठवलं.

आज मला एवढंच सांगायचं आहे, की हे मनाचं नाही.

हा आजार आपल्याकडे नवा नाही. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला त्याची मोठी साथ आली होती. पुढे तीस वर्षं तो जवळजवळ दिसेनासा झाला. २००६ साली परतला, तेव्हा देशभरात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. त्याचं नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतून आलं आहे. अर्थ आहे, वाकवून टाकणारा.

मग ताप गेल्यावर सांधे का दुखतात? संशोधक काही शक्यता सांगतात. एक, विषाणू सांध्याच्या आतल्या अस्तरात शिरतो. काही रुग्णांच्या सांध्यांत त्याचे अवशेष वर्ष उलटल्यावरही सापडले आहेत. दोन, त्याच्याशी लढायला आलेल्या आपल्याच पेशी लढाई थांबवत नाहीत, म्हणून सूज राहते. तीन, आधीपासून दबून असलेला संधिवात या तापाने वर येतो. यातलं बरंचसं साध्या एक्स-रेत दिसत नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

अनेक पाहण्यांत हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांत जास्त काळ टिकलेलं आढळलं आहे. यात शरीराचा भाग असेलच. पण पुरुष आजारी पडला तर त्याला खाट मिळते. बाईला ताप उतरला त्याच दिवशी हंडा उचलावा लागतो. सुजलेल्या सांध्याला विसावा कोण देणार?

म्हणून गटांनी काय करायचं? ताप आला की सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यायचं. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुखण्याची दुसरी गोळी मनाने घ्यायची नाही. कशाचं आहे हे न विचारता इंजेक्शन टोचून घ्यायचं नाही. तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर सांध्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायची चिठ्ठी मागायची. हा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून पिंप-रांजण आठवड्यातून एकदा घासून कोरडे करायचे, आणि हे कामही एकट्या बाईचं नाही.

शेवटचं. प्रत्येक गटाने एक वही ठेवावी. कोणाला ताप आला, किती महिने दुखलं, किती दिवस मजुरी बुडाली, हे लिहावं. तापाची नोंद सरकार ठेवतं, नंतरच्या दुखण्याची आपणच ठेवायला हवी. ती वही घेऊन ग्रामसभेत जाऊ. तोवर एकमेकींना निदान 'अंग चोरते' असं तरी म्हणायला नको.