शिक्षकाच्या घरचे बारसे
(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

अपत्याला नाव देण्याचा विचार सर्वसाधारण कुटुंबात शब्दापासून सुरू होतो आणि शिक्षकाच्या कुटुंबात तो व्यक्तीपासून सुरू होतो. शिक्षकाच्या घरच्या बारशाआधी जी अडचण वारंवार उभी राहते, तिचे मूळ या एका फरकात आहे. इतर आईवडील नावांचे पुस्तक चाळतात, अर्थ पाहतात, आडनावासह उच्चारून बघतात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारतात. शिक्षकाच्या कानावर ‘ओंकार’ हे नाव पडले की प्रणवाच्या आधी सहावी ब मधला शेवटच्या बाकावरचा मुलगा उभा राहतो, आणि ‘स्वरा’ म्हटले की सप्तसुरांच्या आधी गृहपाठाची वही रोज घरी विसरणारी मुलगी. (हशा) हे हसू मुख्यत्वे शिक्षकांच्या रांगांतून आले, यावरून हा अनुभव किती सार्वत्रिक आहे हे दिसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने उच्च प्राथमिक स्तरावर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण घालून दिले आहे. दरवर्षी तेवढीच नवी मुले समोर आली असे धरले, तरी दहा वर्षांच्या नोकरीत ३५० नावे माणसांसह मनात बसतात, आणि माध्यमिक शाळेतल्या विषयशिक्षकाला चार-पाच वर्गांवर जावे लागत असल्याने त्याच्याबाबतीत ही संख्या कितीतरी वाढते. पतिपत्नी दोघेही शिक्षक असतील तर दोन्ही हजेरीपत्रके पाळण्यापाशी एकत्र येतात. एखाद्या विद्यार्थ्याच्या आठवणीमुळे शिक्षकाने आपल्या अपत्यासाठी बाद ठरवलेल्या नावांच्या संचाला या विवेचनात ‘नकारयादी’ असे म्हटले आहे.

नामकरणाच्या पारंपरिक चौकटीची माहिती या श्रोतृवर्गाला असल्याने तिचा विस्तार येथे केलेला नाही. सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांना एकेक अक्षर नेमून देणारे अवकहडा चक्र, त्यातून मिळणारे रासनाव, व्यवहारातले वेगळे नाव आणि ते बाळाच्या कानात सांगण्याचा आत्याचा मान, या गोष्टी घराघरांत ठाऊक आहेत. या परंपरेतील एक नियम मात्र प्रस्तुत विषयाला थेट भिडतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या पतंजलींनी महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात, म्हणजे एका दिवसाच्या पाठाएवढ्या प्रकरणात, व्याकरण का शिकावे याची कारणे सांगताना मुलाच्या नामकरणाचा उल्लेख केला आहे. नावाचा आरंभ घोष वर्णाने व्हावा, मध्ये अंतःस्थ वर्ण असावा, नाव दोन किंवा चार अक्षरी असावे, ते कृदन्त, म्हणजे धातूला थेट प्रत्यय लागून झालेले असावे, असे याज्ञिकांचे नियम तेथे येतात आणि हे सारे व्याकरणावाचून कळणार नाही असे प्रतिपादन केले जाते. याच नियमांत नाव ‘अनरिप्रतिष्ठित’ असावे, म्हणजे ते शत्रूच्या ठिकाणी आधीच रूढ झालेले नसावे, अशी एक अट आहे. नावाला माणूस चिकटतो आणि नको असलेला माणूस चिकटलेले नाव बाप आपल्या मुलाला देऊ इच्छित नाही, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्रकारांनी ओळखले होते. तेव्हा नकारयादी ही मानवी मनाची जुनी रीत आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. प्रश्न एवढाच उरतो की विद्यार्थी हा ‘अरि’ आहे काय.

तो अरि नाही, आणि म्हणून शिक्षकाने नकारयादी बाळगू नये, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. शाळा सोडल्याचा दाखला लिहिताना ‘वर्तणूक’ या रकान्यात ‘चांगली’ हा शेरा जवळपास प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतो, आणि तो देण्यात शिक्षकाचे शहाणपण असते, कारण बारा-पंधरा वर्षांच्या वयातल्या वागण्याचा डाग पुढच्या आयुष्यावर पडू नये हे या व्यवसायाने मनोमन स्वीकारलेले आहे. त्याच शिक्षकाच्या घरी पाळणा बांधला जातो आणि आप्तांनी सुचवलेले एखादे नाव ‘ते नको’ एवढ्या दोन शब्दांत बाजूला सारले जाते, तेव्हा दाखल्यावर न लिहिलेला खरा शेरा तेथे प्रथमच उमटतो. हा शेरा कोणी वाचत नाही, त्याविरुद्ध दाद मागता येत नाही आणि ज्या मुलाविषयी तो आहे त्याला त्याचा पत्ताही नसतो. मूल घडत असते, ते आज जसे आहे तसेच राहणार नाही, या विश्वासावर शिक्षकाचे सारे काम उभे आहे. नकारयादीतील प्रत्येक नाव म्हणजे त्या विश्वासाला एका विशिष्ट मुलापुरता दिलेला नकार होय.

यावर असे म्हटले जाईल की ही बाब घरापुरती आहे आणि वर्गात तिचा काही परिणाम होत नाही. उपलब्ध अभ्यास या समजुतीला दुजोरा देत नाहीत. अमेरिकेत १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाचवीतल्या मुलांचे छोटे निबंध वेगवेगळ्या नावांखाली तपासायला दिले गेले. डेव्हिड, मायकेल अशा लोकप्रिय नावांखालच्या निबंधांना एल्मर, ह्यूबर्ट अशा नावडत्या नावांखालच्या निबंधांपेक्षा अधिक गुण मिळाले, आणि हा कल नवख्या विद्यार्थी-परीक्षकांपेक्षा अनुभवी शिक्षकांत अधिक ठळक होता. जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठात २००९ साली पुढे आलेल्या एका अभ्यासात प्राथमिक शिक्षकांनी केविन या नावाशी खोडकरपणा आणि कच्चा अभ्यास यांची सांगड घातली, तर शार्लोट, माक्सिमिलियान अशा नावांकडे अनुकूल दृष्टीने पाहिले. मराठी शाळेत ही गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण येथे नाव आणि आडनाव यांतून गाव, जात आणि घरची परिस्थिती यांचा अंदाज बांधला जातो, आणि एका मुलामुळे नावडते झालेले नाव पुढल्या वर्षी त्याच नावाच्या दुसऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून भोवते. घरी नकारयादी करणारे मन आणि वर्गात हजेरी घेणारे मन ही दोन वेगळी मने नसतात.

नाव आणि शिक्षक यांचे नाते महाराष्ट्रात आणखी एका बाजूने पाहावे लागते, ते म्हणजे शिक्षक स्वतःच नाव देणारा असतो. ग्रामीण भागातील कित्येक पिढ्यांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत आलेल्या मुलाची नेमकी तारीख घरच्यांना सांगता येत नसे आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना वय पुरे भरावे म्हणून गुरुजी ती तारीख लिहून टाकत. त्याच लेखणीने घरातले लाडाचे किंवा अर्धवट नाव जनरल रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या मूळ दाखल-नोंदवहीत, पूर्ण आणि कायमचे होत असे. सातारच्या शासकीय हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी झालेली भिवा रामजी आंबेडकर (पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर) ही नोंद आणि आंबडवे गावावरून आलेले आडनाव शिक्षकाच्या हातून बदलल्याची कथा सर्वश्रुत असल्याने तिची पुनरुक्ती नको. शाळाप्रवेशाचा तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, एवढे स्मरण पुरेसे आहे. त्याच सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये २८५ मुलींची नावे जाहीर समारंभात बदलण्यात आली, आणि ही घटना शिक्षकवर्गाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. त्या मुलींची नावे नकुशी किंवा नकुसा होती, म्हणजे मुलगा हवा असताना झालेली, नको असलेली मुलगी. धोंडू, दगडू ही नावे मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणून ठेवली जात, तेव्हा वरवर ओबडधोबड दिसली तरी त्यांच्या पोटी माया होती. नकुशी या नावाच्या पोटी नकारच होता. जन्मतारखेची जबाबदारी स्वतःवर घेणाऱ्या शाळेने हे नाव मात्र जसेच्या तसे लिहून घेतले, रोज सकाळी ते मोठ्याने उच्चारले आणि त्याला त्या मुलीने वर्षानुवर्षे ‘हजर’ असे उत्तर दिले. समारंभात त्या मुलींना नव्या नावांची प्रमाणपत्रे मिळाली आणि अनेकींनी आपले नाव स्वतः निवडले होते. ज्या व्यवसायाने हे नाव एवढी वर्षे पुकारले, त्या व्यवसायातील माणसाला ‘नको’ हा शब्द कोणत्याही मुलाच्या नावापुढे, स्वतःच्या घराच्या आडोशालाही, इतक्या सहजपणे लावता येऊ नये.

हा भाग योजनेपेक्षा लांबला आणि अध्यक्षांकडून वेळेची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे नावांच्या फॅशनचा दशकवार आढावा गाळून श्रोत्यांतून आलेल्या आक्षेपांकडे वळणे योग्य ठरेल. पहिला आक्षेप असा की शिक्षकही माणूस आहे आणि ज्या नावाने त्याला वर्षभर त्रास दिला, ते नाव घरात दिवसातून शंभरदा घ्यावे अशी अपेक्षा अमानुष आहे. या आक्षेपामागचा शीण खरा आहे. पन्नास मुलांचा वर्ग, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे आणि वरून पालकांच्या तक्रारी सोसणाऱ्या माणसाला घरी थोडी मोकळीक हवी, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु नाव त्रास देत नाही, आणि स्वतःचे मूल ते नाव धारण करू लागले की जुनी आठवण मागे सरण्यास फार काळ लागत नाही. एकाच वर्गातल्या तीन आदित्यांना आडनावाच्या पहिल्या अक्षराने ओळखणाऱ्या शिक्षकाला हे कळायला हवे की एका नावात कितीही वेगळी माणसे मावतात. दुसरा आक्षेप, सध्याच्या वर्गातल्या मुलाचे नाव स्वतःच्या बाळाला दिले तर पक्षपाताची शंका येईल, हा मात्र ग्राह्य धरावा लागतो, आणि त्या वर्षापुरते वर्गातले नाव टाळणे उचित आहे.

अक्षरे आणि लेखन यांविषयी शिक्षकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या शासकीय नोंदीत नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम राज्यात लागू झाला असल्याने निवडलेले नाव बाकीच्या तिघांच्या सोबतीत मोठ्याने वाचून पाहावे, आणि जन्मदाखल्यावरचे लेखन पुढे आधार व शाळेच्या नोंदींत अक्षरशः तेच राहील याची काळजी घ्यावी. नोंदी न जुळल्यामुळे होणारी पालकांची धावपळ शिक्षकांनीच सर्वात जवळून पाहिलेली असते. नावाविना झालेल्या जन्मनोंदीत बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क नाव घालता येते, तेव्हा बाराव्या दिवशीच निकाल लावण्याची घाईही नाही.

तो अवधी एका कामासाठी वापरता येईल. नकारयादीतले नाव जोडीदाराने सुचवले असेल, तर ‘ते नको’ म्हणून न थांबता शिक्षकाने त्या विद्यार्थ्याविषयी सर्व काही जोडीदाराला सांगावे: तो कोणत्या वर्गात होता, काय करीत असे, त्याच्या घरी कोण होते, आणि पुढे त्याचे काय झाले. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुतेक शिक्षकांना देता येतात. चौथ्याचे उत्तर सहसा ठाऊक नसते, कारण दहावीनंतर त्या मुलाचा मागोवा कोणी घेतलेला नसतो. तो आज रुग्णालयात परिचारक असेल, एसटीचा वाहक असेल किंवा स्वतःच एखाद्या शाळेत हजेरी घेत असेल. ते आधी शोधून काढावे, आणि नावाचा निर्णय त्यानंतर घ्यावा.