क्ष-किरणांत दिसणारे दीर्घिकासमूह
हिवाळ्यात रात्री उत्तरेकडे उंचावर ययाती तारकासमूह दिसतो. त्याच दिशेला, सुमारे 24 कोटी प्रकाशवर्षांवर, हजारभर दीर्घिकांचा समूह आहे. त्यातला कोट्यवधी अंश तापलेला वायू क्ष-किरण फेकतो. आपलं वातावरण ते अडवतं, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. 2015 मध्ये सोडलेल्या भारताच्या उपग्रहावर, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसॅटवरही अशी दुर्बीण आहे. तिच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा.

संगणकावर असे समूह रचले, तेव्हा गाभ्यातला वायू भराभर निवून भरमसाट तारे जन्मू लागले. प्रत्यक्षात तसं दिसेना! मग गणितात समूहाच्या मध्यभागी असलेल्या कृष्णविवराची, वायूला निवू न देणारी ऊर्जा धरावी लागली. 2016 मध्ये जपानच्या हितोमी उपग्रहाने ययातीतल्या त्या समूहाच्या गाभ्यातल्या वायूची खळबळ मोजली: सेकंदाला सुमारे 164 किलोमीटर, म्हणजे बरीच संथ. काही आठवड्यांतच तो निकामी झाला, ही हळहळ आजही वाटते. पण संगणकी प्रतिकृती त्या आकड्याशी अजून ताडून पाहिल्या जातात.