परक्या गावातले पहिले वाचक

परदेशस्थ मराठी लेखकांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण



महाराष्ट्रापासून हजारो मैलांवर राहून मराठीत लिहिणाऱ्यांपुढे काय मांडावं, याचा विचार करताना मला शंभर वर्षांपूर्वीचं पॅरिस पुन्हा पुन्हा आठवलं.

पहिल्या महायुद्धानंतर फ्रँक घसरला. थोड्या डॉलरांत पॅरिसमध्ये दिवस निघत, आणि अमेरिकेतली दारूबंदी किंवा पुस्तकांवरचे खटले यांचा जाचही तिथे नव्हता. इंग्रजीत लिहिणारे कितीतरी जण सीन नदीच्या डाव्या तीरावर येऊन राहिले. शहर फ्रेंच बोलणारं, आपलं लेखन वाचणारी माणसं मोजकी. त्यामुळे जो मित्र तोच पहिला वाचक, तोच शिफारस करणारा, अडीनडीला उसने पैसे देणारा आणि तोच प्रतिस्पर्धीही. मायदेशी ही नाती दहा माणसांत वाटलेली असतात. परदेशात ती एकाच माणसावर येऊन पडतात. म्हणून तिथली मैत्री झटकन जुळते आणि तुटली की जन्मभर सलते.

१९२२च्या जानेवारीत टी. एस. एलियट 'द वेस्ट लँड'चा खर्डा घेऊन पॅरिसला आला. एझरा पाउंडने त्यातल्या ओळीच्या ओळी खोडल्या. कविता जवळपास निम्मी झाली, ४३४ ओळी उरल्या. पाउंड स्वतः महत्त्वाकांक्षी कवी होता. तरीही त्याने ती कविता आपल्यासारखी केली नाही, ती अधिक एलियटची केली. पुढे एलियटने ती त्यालाच अर्पण केली.

कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्डचं वागणं तर मला याहूनही मोठं वाटतं. हेमिंग्वेची गाठसुद्धा पडलेली नसताना, १९२४मध्ये, त्याने आपल्या संपादकाला, मॅक्सवेल पर्किन्सला, या नव्या लेखकाकडे लक्ष द्यायला लिहिलं. पुढच्या वर्षी दोघं पॅरिसच्या डिंगो बारमध्ये भेटले. १९२६मध्ये 'द सन ऑल्सो रायझेस' वाचून फिट्झजेराल्डने सुरुवातीच्या प्रकरणांतले दोष रोखठोक पत्रातून दाखवले, आणि हेमिंग्वेने ती प्रकरणं काढून टाकली. ही टीका खासगी पत्रातच राहिली. कादंबरी मात्र सुधारली.

दहा वर्षांनी पारडं फिरलं. १९३६मध्ये फिट्झजेराल्डने आपल्या खचण्याबद्दल 'एस्क्वायर' मासिकात उघडपणे लिहिलं. काही महिन्यांत त्याच मासिकातल्या कथेत हेमिंग्वेने त्याचं नाव घेऊन त्याची कीव केली. आपलं नाव काढावं, अशी विनंती फिट्झजेराल्डला आपल्या मित्राकडे करावी लागली. कथा पुस्तकात आली तेव्हा नाव बदललं, पण घाव बसून गेला होता. चार वर्षांनी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी फिट्झजेराल्ड गेला.

लेखिका गर्ट्रूड स्टाइन आणि हेमिंग्वे यांचंही असंच झालं. ती त्याच्या मुलाची धर्ममाता होती. तिची प्रचंड कादंबरी मासिकातून क्रमशः यावी म्हणून त्याने मजकूर उतरवून काढला, मुद्रितं तपासली. १९३३च्या पुस्तकात तिने त्याला भित्रा ठरवलं. त्याने पॅरिसच्या आठवणींत उट्टं काढलं. ते पुस्तक १९६४मध्ये छापून आलं, तेव्हा दोघंही हयात नव्हते. इतकी वर्षं जपलेल्या रागातून दोघांच्याही लेखनाला काय मिळालं?

या साऱ्यांच्या मधोमध सिल्व्हिया बीचचं 'शेक्सपिअर अँड कंपनी' हे पुस्तकांचं दुकान होतं. जेम्स जॉइसची 'युलिसिस' छापायला इंग्रजी प्रकाशक धजत नव्हते, तेव्हा तिने ती २ फेब्रुवारी १९२२ला, जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशी, प्रसिद्ध केली. १९३२मध्ये अमेरिकन आवृत्तीचा करार झाला. त्यातून तिच्या हाती काही आलं नाही. पुढे दुकान बुडायच्या बेताला आलं, तेव्हा मात्र लेखक धावून आले. आंद्रे जीदने पुढाकार घेतला, एलियट लंडनहून येऊन वाचन करून गेला, हेमिंग्वेनेही वाचलं. आपसातले हेवेदावे असतानाही ते दुकान सगळ्यांना हवं होतं.

मित्रांनो, आपल्यात उघड भांडणं कमी आहेत. आपल्यात कौतुक उदंड आहे आणि वाचन तोकडं. दिवाळी अंक आला की आपण एकमेकांना 'छान झालंय' कळवतो. कथेचं तिसरं पान जड का झालं, हे कोणी सांगत नाही. मग मत मांडलं जातं ते पाठीमागे, आणि तिथूनच तट पडतात. स्पर्धेला मी भीत नाही. शेजारच्या गावातल्या कवीची चांगली कविता वाचून आपली कविता पुन्हा लिहायला बसावंसं वाटणं, हे जिवंत भाषेचं लक्षण आहे.

म्हणून माझं मागणं आहे. इथून निघण्यापूर्वी प्रत्येकाने एका लेखकाचं अप्रकाशित लेखन मागून घ्यावं आणि पेन्सिल हातात धरून वाचावं. दोष लेखकाला सांगावेत, छापण्याआधी सांगावेत. गुण चारचौघांत सांगावेत. मित्राने विश्वासाने सांगितलेलं दुःख त्याच्या परवानगीशिवाय कथेत आणू नये. आणि जे संपादक पदरमोड करून परदेशात मराठी अंक काढतात, त्यांची वर्गणी आजच भरावी. एवढं आपण केलं, तर इथे लिहिलेलं मराठी कोणाच्या सवलतीवर नव्हे, स्वतःच्या बळावर वाचलं जाईल.