मॉरिशसची मराठी घरं

मॉरिशसमधल्या मराठी घरात बोलणं बहुधा क्रेओल या तिथल्या बोलीभाषेत चालतं, वर्तमानपत्र फ्रेंच असतं आणि मुलांची परीक्षा इंग्रजीत. मराठी? ती आरतीत, लग्नात, कोकणातून गेलेल्या झाकरी या लोकनृत्याच्या गाण्यांत.

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडची माणसं तिथे उसाच्या मळ्यांवर गेली. शेजारी भोजपुरी, तमिळ, आफ्रिकी वंशाचे. एकमेकांशी बोलायचं तर क्रेओलच! मळेवाले फ्रेंच वंशाचे, सरकार इंग्रजांचं; त्यामुळे फ्रेंच आणि इंग्रजीचा रुबाब १९६८च्या स्वातंत्र्यानंतरही ओसरला नाही. जवळजवळ सगळ्यांच्या तोंडी असलेली क्रेओल मात्र प्राथमिक शाळेत विषय म्हणून आली थेट २०१२ साली. नवल म्हणजे, मराठी तिथे आधीपासूनच शिकवली जात होती. घरात फारशी न बोलली जाणारी ही भाषा पालक मुलांसाठी मुद्दाम निवडतात, अगदी हौसेनं.