सरकारास प्रश्न विचारणाऱ्या मृणालताई

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



अशा प्रसंगी विद्यार्थ्यांचा गुणगौरव व्हावा, वडीलधाऱ्यांस शाल-श्रीफळ द्यावे आणि वक्त्याने चार उपदेशाचे बोल सांगून खाली बसावे, असा शिरस्ता आहे. आम्ही आज उपदेश बाजूस ठेवून एका लोकप्रतिनिधीची हकीकत सांगणार आहोत. सत्तेच्या बाकांवर न बसताही कै. मृणाल गोरे यांनी सरकारास प्रश्न कसे विचारले, त्यातून एक कायदा कसा निघाला, आणि तो कायदा आज आपल्या मंडळाच्या दारापर्यंत कसा येऊन पोहोचला आहे, एवढाच आमचा विषय आहे.

विरोधी पक्ष म्हणजे आरडाओरड आणि सभात्याग, असा एक समज सर्वत्र रूढ झाला आहे. वास्तविक ते काम फार निराळे आहे. शेतावर मोट हाकणारा एक असतो आणि दारे धरणारा दुसरा असतो. मोटेवरचा माणूस कितीही प्रामाणिक असला, तरी पाणी शेवटच्या वाफ्यास पोहोचले की मध्येच पाट फुटला, हे त्यास तेथून दिसत नाही. ते दाऱ्यावरच्या माणसाने ओरडून सांगावे लागते. विधिमंडळाने या ओरडण्यास शिस्त लावली आहे. तारांकित प्रश्नास मंत्र्याने सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर द्यावयाचे असते आणि त्यावर सभासदास उपप्रश्न विचारता येतात. तातडीच्या बाबीसाठी लक्षवेधी सूचना असते. आणि मंत्री नसलेल्या सभासदासही स्वतः कायद्याचा मसुदा मांडता येतो. त्यास अशासकीय विधेयक म्हणतात. अशी विधेयके क्वचितच संमत होतात. परंतु ती सरकारास बोलते करतात, हे त्यांचे खरे सामर्थ्य होय.

आपल्या प्रांतात ही परंपरा जुनी आहे. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले करण्याचा ठराव मांडला आणि तो संमतही झाला. परंतु कागदावरचा ठराव तळ्यापर्यंत पोहोचेना. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. पुढल्याच वर्षी त्याच कौन्सिलात बाबासाहेबांनी गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांस बाळंतपणाच्या काळात रजा व साहाय्य मिळावे, या विधेयकास पाठिंबा दिला आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानी धरावी : सभागृहातील शब्दास सभागृहाबाहेरील माणसांची जोड नसेल, तर तो शब्द दप्तरातच राहतो.

मृणालताईंनी ही गोष्ट पुरतेपणी ओळखली होती. त्यांचा जन्म १९२८ सालचा. वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या. १९५८ साली पती केशव गोरे यांचे निधन झाले. पदरी लहान मुलगी असता त्यांनी लोककार्य सोडले नाही. गोरेगाव हे त्यांचे कार्यक्षेत्र. १९५७ साली मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. उपनगरे महानगरात आली. परंतु हद्द नकाशावर जितक्या लवकर सरकते, तितक्या लवकर पाण्याची नळी जमिनीखालून सरकत नाही. १९६१ साली मृणालताई मुंबई महानगरपालिकेत निवडून गेल्या आणि हंडे घेतलेल्या बायकांचे गाऱ्हाणे त्यांनी महापालिकेच्या सभागृहात नेले. लोकांनीच त्यांस ‘पाणीवाली बाई’ ही पदवी बहाल केली. विद्यापीठाने दिलेल्या पदवीहून ती आम्हांस कमी वाटत नाही.

१९७२ साली त्या विधानसभेवर निवडून आल्या. तो दुष्काळाचा काळ होता. धान्य, तेल, रॉकेल यांचे भाव गगनास भिडले होते. अहिल्याताई रांगणेकर प्रभृती भगिनींसह त्यांनी महागाईविरोधी महिलांची संयुक्त समिती उभारली. निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रिया हाती लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. पुढे १९७५ साली आणीबाणी आली. ताई भूमिगत झाल्या आणि नंतर पकडल्या जाऊन तुरुंगात गेल्या. १९७७ साली उत्तर मुंबईने त्यांस लोकसभेत पाठविले. १९८५ साली त्या पुनश्च विधानसभेत आल्या आणि काही काळ विरोधी पक्षनेत्याही होत्या.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. गर्भातील व्यंग कळावे म्हणून शोधलेली गर्भजलपरीक्षा त्या सुमारास मुलगी ओळखून तिला नाहीशी करण्यासाठी वापरली जाऊ लागली होती. आज थोडके पैसे खर्चा आणि उद्याचे हुंड्याचे लाखो रुपये वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती राजरोस लागत. मुंबईतील स्त्रीसंघटना, डॉक्टर, वकील व संशोधक यांनी एकत्र येऊन याविरुद्ध आवाज उठविला, आणि १९८६च्या सुमारास मृणालताईंनी विधानसभेत गर्भलिंगपरीक्षेस बंदी घालणारे अशासकीय विधेयक मांडले. सरकारास हा प्रश्न टाळता आला नाही. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९८८ साली, सरकारने स्वतःच कायदा आणला. या विषयावरील देशातील हा पहिला कायदा होय. विरोधी बाकावरून निघालेला प्रश्न सत्तेच्या बाकावरून कायदा होऊन बाहेर पडला. यात जसे विचारणारीचे श्रेय आहे, तसे ऐकणाऱ्यांचेही आहे, हे आम्ही नमूद करतो.

परंतु राज्याचा कायदा राज्याच्या सीमेवर थांबतो. त्यामुळे संसदेने १९९४ साली देशासाठी कायदा केला व तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. तरीही अंमलबजावणी ढिली राहिली, म्हणून मुंबईची सेहत व पुण्याची मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. न्यायालयाने सरकारांस फटकारले आणि २००३ साली सुधारलेला, अधिक कडक कायदा लागू झाला.

इतके होऊन निष्पन्न काय झाले, ते आता ऐका. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर १००० मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली त्या ९१३ झाल्या आणि २०११ साली ८९४. आम्ही जन्मभर मुलांस गणित शिकविले. हे वजाबाकीचे उदाहरण मात्र फळ्यावर लिहिताना हात जड होतो. कायदा झाला आणि मुली घटतच गेल्या. म्हणून कायदा व्यर्थ, असे कोणी म्हणेल, तर ते आम्हांस मान्य नाही. चवदार तळ्याच्या ठरावासारखीच ही स्थिती आहे. कायद्याने सोनोग्राफीच्या खोलीवर पाटी लावली; घरातील दाराआड होणारी कुजबुज त्यास ऐकू येत नाही. ती सासूस ऐकू येते, नणंदेस ऐकू येते, आणि आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांसही ऐकू येते.

आम्ही मीरा-भाईंदरकर प्रश्न विचारण्यात मागे नाही. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. २००१च्या जनगणनेतील ५ लाख २० हजार लोकसंख्या दहाच वर्षांत ८ लाख ९ हजारांवर गेली, आणि दहिसर नाक्याच्या अलीकडे मुंबई, पलीकडे आपण, असे म्हणत आपण पाण्यासाठी वाट पाहत आलो. सूर्या प्रकल्पातून या शहरासाठी दिवसाला २१८ दशलक्ष लिटर पाणी ठरविण्यात आले. त्याविषयी अवश्य विचारावे. मात्र नुसती तक्रार करू नये. कोणत्या वारी, किती वाजता, किती मिनिटे पाणी आले, हे महिनाभर वहीत टिपून ती वही आपल्या लोकप्रतिनिधीच्या हाती द्यावी. मग तो सत्तेतील असो वा विरोधातील. मंत्र्यास मोघम प्रश्नाचे मोघम उत्तर देता येते. तारीखवार प्रश्नाचे देता येत नाही.

परंतु तीच वही घरातही उघडावी लागेल. आपले मंडळ दर काही वर्षांनी कुटुंबसूची छापते; त्यात प्रत्येक घरातील माणसांची वये असतात. मंडळाने या वर्षी त्या सूचीवरून सहा वर्षांखालील मुलगे किती व मुली किती, एवढीच गणना करावी आणि तो आकडा, चांगला असो वा वाईट, पुढील स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापावा, अशी आमची विनंती आहे. कोणाचेही नाव घेण्याचे कारण नाही. आपल्या वधूवर-मेळाव्यात मुलग्यांचे अर्ज जास्त आणि मुलींचे कमी येतात, म्हणून मुलग्यांचे पालक आजकाल चिंता करतात. स्थळे कोठे गेली, असे ते विचारतात. काही शिकण्या-नोकरीसाठी दूर गेली असतील, काहींनी आपली जोडी आपण निवडली असेल, आणि त्याचा आनंदच मानावा. परंतु काही जन्मासच आली नाहीत काय, हा प्रश्न मंडळाने स्वतःस विचारलाच पाहिजे. सरकारास आकडे मागणाऱ्या समाजाने आपले आकडे झाकून ठेवू नयेत.

मृणालताई १७ जुलै २०१२ रोजी वसईस निवर्तल्या. नळाच्या पाण्यापासून कायद्याच्या कलमापर्यंत त्यांनी एकच रीत पाळली : आधी लोकांत जाऊन पाहावयाचे, मग सभागृहात उभे राहून विचारावयाचे, आणि उत्तर मिळाल्यावर ते खरे ठरते की नाही, हे पाहण्यास पुन्हा लोकांत जावयाचे. आपल्यापैकी फार थोडे विधिमंडळात जातील. परंतु पहिली व तिसरी पायरी कोणासही चढता येते, त्यास निवडून यावे लागत नाही.

कार्यकारिणीने आमची विनंती आजच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी, असे आम्ही सुचवितो.