संगणकातील तालयंत्र आणि वर्गातील टाळी
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेले व्याख्यान)



प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात संगीताला जागा आहे. परंतु पुष्कळ शाळांत ते परिपाठातील प्रार्थनेपुढे जात नाही. याचा दोष शिक्षकांच्या अनास्थेला देणे योग्य होणार नाही. शाळेत पेटी नसते; तबला असलाच तर त्याची शाई उडालेली असते; आणि तो वाजविणारे गुरुजी बदलून गेले की तो कपाटावर जाऊन बसतो. यातून मुलांच्या मनावर नकळत एक चुकीचा संस्कार होतो. ज्याच्या घरी वाद्य आहे किंवा ज्याचा गळा गोड आहे त्याचेच संगीत, आपण फक्त ऐकावयाचे, असे बाकीची मुले धरून चालतात. हा समज दूर करण्यास उपयोगी पडेल असे एक साधन आज हाताशी आले आहे. त्याचा उपयोग कसा करावा व कोठे थांबावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

हे साधन म्हणजे ब्राउझरमध्ये विनामूल्य चालणारी तालयंत्रे. त्यांची मूळ कल्पना साधी आहे. जपानमधील रोलँड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ नावाचे तालयंत्र बाजारात आणले. त्यावर एका ओळीत सोळा बटणे होती. प्रत्येक बटण म्हणजे काळाचा एक समान तुकडा. जे बटण निवडावे तेथे आघात, जे सोडावे तेथे स्तब्धता; आणि ओळ संपली की यंत्र पुन्हा पहिल्या बटणापासून आरंभ करी. १९८३ साली या यंत्राचे उत्पादन थांबले, परंतु सोळा घरांची ती ओळ टिकून राहिली. पुढे ब्राउझरलाच ध्वनी निर्माण करता यावा म्हणून वेब ऑडिओ नावाची पद्धत तयार झाली व २०२१ साली तिला वेबच्या जागतिक प्रमाणसंस्थेची मान्यता मिळाली. त्यामुळे आता वेगळे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. शाळेतील संगणकावर किंवा शिक्षकाच्या मोबाईलवर पान उघडले की तालयंत्र समोर उभे राहते.

आपल्या लक्षात आलेच असेल की, ओळ संपवून पहिल्या घराशी परत येणे यालाच आपण आवर्तन म्हणतो, आणि ते पहिले घर म्हणजे सम. तेव्हा ही कल्पना आपल्या मुलांना परकी वाटण्याचे कारण नाही. भजनात टाळ धरणारे मूल ती हाताने जाणते. तिचे चित्र मात्र त्याने पाहिलेले नसते.

हे चित्र दाखविण्यास गूगलच्या ‘क्रोम म्युझिक लॅब’ या संकेतस्थळावरील ‘साँग मेकर’ हे साधन सोयीचे आहे. हे संकेतस्थळ २०१६ साली सुरू झाले. येथे नाव नोंदवावे लागत नाही. पडद्यावर चौकटींची जाळी असते. वरचा भाग स्वरांचा आणि खालच्या दोन ओळी तालाच्या. किती खंड, खंडात किती मात्रा, मात्रेचे किती भाग, हे आपणच ठरवावयाचे असते.

आता तीनताल घेऊ. चार खंड, प्रत्येकी चार मात्रा आणि मात्रेचा एकच भाग ठेवला की सोळा घरे मिळतात. परंतु यंत्र लगेच सुरू करू नये. प्रथम मुलांकडून बोल म्हणवून घ्यावेत: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्या मात्रेला खाली दाखवून ते पाठ व्हावेत. मग फळ्यावर सोळा घरांच्या दोन ओळी आखाव्यात. तबल्यावर, म्हणजे उजव्या हाताला, प्रत्येक मात्रेस आघात आहे. म्हणून वरची ओळ पूर्ण भरते. डग्ग्याचा घुमारा मात्र ‘धा’ आणि ‘धिं’ या बोलांतच असतो, ‘तिं’ आणि ‘ता’ यांत नसतो. मुलांनी एकेक बोल तपासून खालची ओळ भरली की दहा ते तेरा ही चार घरे मोकळी राहतात. ‘खाली’ या शब्दाचा अर्थ मुलांना तेथे डोळ्यांनी दिसतो. चौकस मूल विचारील, “गुरुजी, खाली तर नवव्या मात्रेला दाखवितात, मग घर दहावे का मोकळे?” त्याला सांगावे की, हाताने दाखविलेली खाली हा खंडाचा आरंभ आहे आणि डग्गा त्यानंतर एका मात्रेने थांबतो, तसेच तो तेराव्या मात्रेच्या टाळीनंतर, चौदाव्या मात्रेला परत येतो. असा प्रश्न वर्गात निघाला तर तो तास सार्थकी लागला असे समजावे.

यानंतर यंत्र सुरू करावे. मुलांनी फळ्यावर जे लिहिले ते बरोबर आहे की नाही, याचा निर्णय त्यांच्या कानांनी द्यावा. याच रीतीने सहा मात्रांचा दादरा व सात मात्रांचा रूपक मांडता येतो. पाच मात्रांचे दोन खंड घेतले की झपतालाच्या दहा मात्रा होतात. गणिताच्या तासाला न्यूयॉर्क विद्यापीठात तयार झालेले ‘ग्रूव्ह पिझ्झा’ हे साधन दाखवावे. त्यात ताल भाकरीप्रमाणे गोल असतो. बारा घरांच्या वर्तुळात दर तिसऱ्या घरावर आघात ठेवला तर चौरस उमटतो, दर चौथ्या घरावर ठेवला तर त्रिकोण. बारा भागिले तीन म्हणजे चार, हे मुलाला एकाच वेळी दिसते आणि ऐकू येते.

आता मर्यादा. साँग मेकरमध्ये पाच स्वरांची एक योजना आहे. तिच्यात सा, रे, ग, प, ध हे स्वर मिळतात, आणि मुलांनी कोणतीही घरे भरली तरी कानाला फारसे खटकत नाही. धीर नसलेल्या मुलासाठी हे चांगले आहे. परंतु हेच पाच स्वर भूपाचे आहेत आणि देशकाराचेही आहेत. एकात गंधार वादी, दुसऱ्यात धैवत. एक रात्रीचा, दुसरा सकाळचा. हा भेद चौकटीत मावत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तेथे नाही. भजन रंगू लागले की लय आपोआप चढते. यंत्राची लय आपण बदलीपर्यंत जशीच्या तशी राहते. म्हणून यंत्रावर ताल समजला की गावातील पखवाज किंवा ढोलकी वाजविणाऱ्यास शाळेत सन्मानाने बोलवावे. मुलांनी त्यांच्या हाताकडे पाहावे आणि चौकटीत काय सुटले ते स्वतःच शोधावे. यंत्रामुळे त्यांचे येणे अनावश्यक ठरले, तर आपण साधन मिळवून विद्या गमावली असे होईल.

‘बँडलॅब’सारखे ब्राउझरमधील ध्वनिमुद्रणालयही विनामूल्य मिळते. त्यात तालावर मुलांचा आवाज, त्यावर दुसरा आवाज, असे थर चढविता येतात. आजीच्या ओव्या किंवा शेतातील भलरी मुद्रित करण्यास ते उपयोगी आहे. मात्र तेथे नाव नोंदवावे लागते. मुलांची नावे व माहिती तेथे देऊ नये; शिक्षकाने आपल्याच नावाने काम करावे आणि पालकांच्या संमतीवाचून मुलांचा आवाज कोठेही प्रसिद्ध करू नये.

ज्या शाळेत वीज किंवा इंटरनेट नाही, तेथील शिक्षकांनी निराश होऊ नये. सोळा घरे खडूने आखता येतात आणि टाळी प्रत्येक मुलाजवळ आहे. क्रम मात्र सर्वत्र एकच असावा: आधी हात, मग फळा, शेवटी यंत्र. हा क्रम पाळला तर “मला गाता येत नाही” असे म्हणणारे मूलही एक दिवस समेवर बरोबर टाळी देईल. त्या टाळीने त्याचा संगीताशी संबंध जोडला जाईल, आणि प्राथमिक शाळेकडून याहून अधिक अपेक्षा करण्याचे कारण नाही.